तळ्यावर आवाज करू नये

त्सुएदानी, १० नोव्हेंबर

हिसाए,

आधी हवामान आणि मग काम, असं बाबा शिकवून गेले म्हणून लिहितो: डोंगर लाल झालाय, धुकं दुपारपर्यंत उठत नाही आणि माझे गुडघे बोलायला लागलेत. झालं हवामान.

फोन करत नाही याचा राग धरू नकोस. फोनवर तू रडतेस, मी "बरं, बरं" म्हणतो, आणि ठेवल्यावर लक्षात येतं की आपण कशाला तरी कबूल होऊन बसलोय. कागदावर निदान विचार करायला सवड मिळते.

काल नदीकाठच्या सगळ्या मच्छीमार सोसायट्यांची बैठक झाली. पाणकावळे याही वर्षी आमच्याच वरच्या तळ्यावर ठेवायचे ठरले. ठरले म्हणजे काय, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी चहा प्यायलो. आमच्या सोसायटीचा चेअरमन मी, आणि मुळात पक्षी सांभाळायचा शब्द दिलेलाही मीच. ते तुमच्या असासेच्या बांबूच्या बनात होते तेव्हा तुझ्या नाओतोने हाकलायला फटाक्यांची रॉकेटं सोडली होती. एका जागचे पाच जागी झाले, सगळ्या नदीभर पसरले, आणि त्या उन्हाळ्यात गळवाले ज्यासाठी येतात तो आयु मासा औषधालाही उरला नाही. तेव्हा कुठे आम्हा शहाण्यांना कळलं की या पक्ष्याला हाकलायचं नसतं. एका जागी सुखाने बसू द्यायचं, आणि बसला की त्याची अंडी काढून तिथे प्लॅस्टरची ठेवायची. अंडी फोडली तर तो नवी घालतो. खोटी ठेवली तर उबवत राहतो आणि हंगाम निघून जातो. पिल्लंच नाहीत म्हटल्यावर त्यांना भरवायला मासेही लागत नाहीत.

सोपं आहे. फक्त कुणाच्या तरी तळ्यावर त्यांनी बसायला हवं. आमच्या पट्ट्यातला मासा हा त्यांचा रोजचा डबा. शिवाय आवाजाने उठतील म्हणून गावात सणाचा ढोल बंद, लाकडं कापायची करवत बंद. तुझी इसोएवहिनी टॉवेलात तोंड खुपसून शिंकते. काल मी मांजराला कुजबुजत शिव्या दिल्या.

झाडांवर चढायला पहिल्या वर्षी खालच्या सोसायट्यांनी सहा माणसं पाठवली होती. गेल्या वर्षी दोन आली, त्यातल्या एकाला उंचीवर चक्कर येते. मार्चमध्ये नाओतो येईल का? पोरगा हलका आहे, आणि रॉकेटंही त्याचीच होती.

तुझा दादा


असासे, २४ नोव्हेंबर

दादा,

मुळ्याचं लोणचं पाठवते आहे. वहिनीला सांग, या वेळी मीठ बेताचं आहे, नाक मुरडू नको.

पोरगा पोरगा काय करतोस, नाओतो चाळिशीला आला. रॉकेटांचं त्याला अजून वाईट वाटतं, पण ते बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नाही, अगदी तुझ्यासारखा. मार्चचं मी त्याला विचारलं. "बघू" म्हणाला. त्याचं "बघू" म्हणजे नाही, हे तुला लिहून ठेवते, उगाच आशा नको.

त्याच्या डोक्यात एकच आहे. गळ टाकायला येणाऱ्यांसाठी आमच्या या खोल्या, तीन उन्हाळे रिकाम्या. सूनबाई माहेरी गेली ती पाहुणी म्हणून गेली होती, आता तिथे नोकरी करते. नाओतो मला म्हणाला, "आई, येत्या जूनमध्ये मासा धरायला परवानगी मिळाली आणि नदीत मासा नसला, तर मी कुलूप लावून जाणार. तू चल नाहीतर राहा." जेवताना म्हणाला, भाताचा वाडगा पुढे करत, जणू लोणचं मागतोय.

मी कुठे जाणार, दादा? सासूबाई नव्वदीपार. त्यांना या घराबाहेर काढलं तर त्या वाटेतच जातील.

म्हणून म्हणते, तुझ्या तळ्यावरचे पक्षी या एका वर्षी तरी हलू देऊ नकोस. तिथून उठले तर सरळ नदीने खाली येतील आणि त्यांना आमचं बन पाठ आहे. तू शब्द दिला आहेस. इतरांना दिलास तो सोड, मला दिलास तो पाळ.

आणि एक. सासूबाई रोज विचारतात, त्या अंड्यांचं पुढे काय होतं? मी सांगते, पुरतात. त्या म्हणतात, कुणी पाठ म्हणतं का त्यांच्यासाठी? मोडलेल्या सुयांना निरोप द्यायला आपण देवळात जातो, मग अंड्यांसाठी का नाही?

हिसाए


त्सुएदानी, १६ फेब्रुवारी

हिसाए,

हवामान: बर्फ वितळून सगळीकडे चिखल. बूट एकीकडे, मी एकीकडे.

पक्षी घरटी बांधायला लागले. गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहेत. तळ्याकाठचे सीडर वृक्ष विष्ठेने वरून खालपर्यंत पांढरे झालेत, त्यातले निम्मे वाळलेत. लांबून बघणाऱ्याला वाटेल बर्फ राहिला आहे. जवळ गेलं की वास सांगतो.

परवा गावची सभा झाली. मुनेओला तू ओळखतेस, लाकूडवाला, ज्याची करवत मी बंद करवली. तो उठला आणि म्हणाला, "चेअरमनसाहेब, आमच्या तळ्यावर पाहुणे किती वर्षं राहणार ते सांगा. म्हणजे त्यांची नावं मतदार यादीत घालू." सगळे हसले, मीही हसलो. मग म्हणाला, "ढोल फाटला. न वाजवता फाटला. उंदरांनी खाल्ला." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

त्याचं म्हणणं, एका सकाळी सगळ्यांनी थाळ्या वाजवायच्या आणि मोकळं व्हायचं. जिकडे जायचं तिकडे जातील. मी म्हटलं, ते माझ्या बहिणीच्या दारात जातील. तो म्हणाला, "मग बहिणीला सांगा कुजबुजायला, तीन वर्षं आम्ही केलं." चुकीचं काय बोलला ते मला अजून सापडलेलं नाही. थाळ्यांचा विषय जूनपर्यंत पुढे ढकलला, तोही माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून.

मी चेअरमनपद सोडतो म्हटलं, तर खोलीतले सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. असा मी चेअरमन, पाणकावळ्यांची दाई. त्यांची झोप मोडू नये म्हणून राखण करतो आणि तेच आमचा मासा खातात. सकाळी उठलो की खिडकीतून आधी तळं बघतो. आहेत म्हटलं की जीव भांड्यात पडतो, आणि लगेच वाटतं, मेले अजून आहेत.

नाओतोचं "बघू" कुठवर आलं?

तुझा दादा


असासे, ५ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून खूप दिवसांनी मोठ्याने हसले. दाई काय. सासूबाईंनाही वाचून दाखवलं.

नाओतो नाही येत. नदीत सोडायला आयुची बोटुकली, ती बोटाएवढी पिल्लं, आणायला त्याला समुद्राकडे जावं लागणार, टाक्या धुवायच्या आहेत, एकटा आहे. खोटं सांगत नाही. पण आला असता तर मला बरं वाटलं असतं, हेही खरं.

या पार्सलात काशाची लहान घंटा आहे. आमच्या देवघरातली, ह्यांच्या वेळची. पूर्वजांचा आठवडा येतोच आहे, सगळे थडग्यांवर जातील. त्याच वेळी अंड्यांसाठी पाठ करून घे. सासूबाईंनी जेवण सोडल्यासारखंच केलं आहे. म्हणतात, आपल्या नदीसाठी तिकडे इतके जीव मातीत जातात आणि आपण इकडे गोड खातो. वहिनीने लिहिलं होतं की तुमच्या गावातल्या बायकांच्याही मनात हेच आहे. मग अडलं कुठे?

हिसाए


त्सुएदानी, १९ मार्च

हिसाए,

हवामान लिहायला हात उरलेले नाहीत. बोटं सोलवटली आहेत.

अंडी बदलून झाली. खालून कुणी आलं नाही. मी, इसोए आणि देवळात नवा आलेला भटजी र्योसेन. तिशीचा आहे, गळा खणखणीत, आणि झाडावर माकडासारखा चढतो. शहरात भिंती चढायचा खेळ खेळायचा म्हणे. इसोए खाली टोपली धरून, मी लांब बांबूला चमचा बांधून, आणि तो वर. डोक्यावर गवती टोप्या, कारण वरून काय पडेल याचा नेम नाही.

हळूहळू करायचं असतं. पक्षी उठून शेजारच्या फांदीवर बसतो आणि तिथून बघतो. डोळा हिरवा आहे त्याचा, अगदी काचेसारखा हिरवा. अंडी गरम असतात. मी ती टोपलीत घेतो आणि माझी थंडगार ठेवतो. आम्ही दोन झाडं पुढे गेलो की तो परत येतो, चोचीने ती नीट लावतो आणि बसतो. कुरकुर नाही, संशय नाही. इतका विश्वास मला बघवत नाही, हिसाए. पहिल्या वर्षी मला गंमत वाटली होती.

तुझी घंटा पोचली. पाठ करून घेतो, पण देवळात, खाली गावात. तळ्यावर नाही. ते आता अंड्यांवर बसलेत म्हणून गप्प आहेत. अशा वेळी तिथे माणसं जमली, धूप पेटला, घंटा वाजली, तर संपलं. एकदा सगळे मिळून उठले की त्या जागेवर लवकर परत येत नाहीत. हे मला तुझ्या नाओतोने शिकवलं.

तुझा दादा


असासे, २९ मार्च

दादा,

नाओतोने बोटुकली नदीत सोडली. मी काठावर उभी होते. टाकीतून पाण्यात पडताना चंदेरी दोरी सुटत गेल्यासारखं दिसलं, आणि मग खडकाच्या आडोशाला सगळी एकदम गडप. नाओतो बराच वेळ वाकून बघत होता. आयुने भरलेल्या नदीला येतो तसा पाण्याला कलिंगडाचा वास येतोय म्हणाला. अजून कुठला यायला, एवढीशी तर आहेत. मी म्हटलं, हो, येतोय.

देवळातल्या पाठाचं कळलं. मनापासून आभार. पण सासूबाईंचं समाधान नाही. त्या म्हणतात, मेलेल्याच्या घरी जायचं सोडून शेजारच्या गल्लीत रडून आल्यासारखं झालं. जिथून उचलली तिथेच म्हणायला हवं. तू म्हणतोस ते मला समजतं. पण हळू करता येणार नाही का? पाच-सहाच माणसं, भटजींनी ओठातल्या ओठात म्हणायचं, घंटेला एकच टोला. लहान घंटा आहे, माझ्या देवघरातून शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही.

माझ्यासाठी कर. परत काही मागणार नाही.

हिसाए


त्सुएदानी, ९ एप्रिल

हिसाए,

केलं.

पाच-सहा माणसं म्हणाली होतीस. सगळं गाव आलं. तीन वर्षं तळ्याकडे फिरकायची बंदी होती, बायका सणाच्या कपड्यांत आल्या. इसोएने आणि शेजारणींनी पुरणात घोळवलेले भाताचे गोळे केले होते. जिथे अंडी पुरतो तिथे ठेवले, उदबत्त्या लावल्या. सगळे चवड्यांवर चालत होते. मुनेओनेही टोपी काढली होती, मी पाहिलं. वरती एकेक पक्षी आपापल्या घरट्यात बसून आमच्याकडे बघत होता.

र्योसेनने खरोखर ओठातल्या ओठात म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. कुणी हललं नाही, ना माणूस ना पक्षी. मला वाटलं, साधलं.

शेवटी घंटा. देवघरात ती लहान असेल, हिसाए. तळ्याच्या तिन्ही बाजूंना डोंगर आहेत. टोला पलीकडे गेला, तिथून परत आला, पुन्हा गेला. आणि सगळी झाडं एकदम उठली. ऊन गेलं. आम्ही डोक्यावर हात धरून खाली बसलो. ते दोनदा तळ्यावरून फिरले आणि दरीतून खाली निघून गेले. थोड्या वेळाने कावळे घरट्यांत उतरले. प्लॅस्टरच्या अंड्यांवर चोची मारून बघत होते आणि खाली टाकून देत होते.

मग मुनेओने टोपी घातली आणि तळ्याच्या काठी उभं राहून खच्चून ओरडला. शब्द नव्हता, नुसती आरोळी. तीन वर्षांनी. त्याच्या मागून दुसरा ओरडला. दुपारी करवत सुरू झाली, ती अजून चालू आहे.

नाओतोला रॉकेटांना हात लावू देऊ नकोस. काहीही झालं तरी.

तुझा दादा


असासे, १५ एप्रिल

दादा,

ते इथे आहेत.

तुझं पत्र यायच्या आधीच आले. आधी वाटलं ढग आहे. घरामागच्या बनात शिरले, बांबू वाकून वाकून जमिनीला टेकायला आले. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले, मग पुन्हा. सकाळी उजाडताच नदीवर ओळीने उतरतात आणि मासा एका बाजूला हाकत नेतात. माणसंसुद्धा इतकं शिस्तीत काम करत नाहीत. काठावर उभं राहून बघितलं. बघवलं नाही, पण बघितलं.

नाओतो रॉकेटांचा खोका घेऊन बनाकडे निघाला होता. मी वाटेत आडवी झाले. म्हटलं, उडवलेस तर पाच जागी जातील, सगळ्या नदीचं नुकसान, मामाची तीन वर्षं मातीत. तो म्हणाला, "मामाने उडवलेच ना?" खोका माझ्या पायाशी ठेवून घरात गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मी तुझं मार्चचं पत्र काढून वाचलं. घंटा वाजली तर संपलं, असं तूच लिहिलं आहेस. माझ्यापेक्षा तुला जास्त कळत होतं. मग का वाजवू दिलीस? मी मागितलं म्हणून, की तुला सुटायचं होतं म्हणून? हवामान लिहू नकोस. एवढंच लिही.

हिसाए


त्सुएदानी, २० एप्रिल

हिसाए,

र्योसेनने टोला द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. देऊ का, असं डोळ्यांनी विचारलं. तोवर सगळं शांत पार पडलं होतं. मी नुसती नाही म्हणून मान हलवली असती तर घंटा तशीच पिशवीत गेली असती आणि तुझ्या सासूबाईंना मी काहीतरी कळवलं असतं. मी सगळ्या गावाकडे बघितलं, चवड्यांवर उभे होते सगळे. मग म्हटलं, दे.

तू मागितलं नसतंस तर मी तिथे गेलोच नसतो. पण "दे" म्हणताना मला तू आठवली नाहीस. त्या क्षणी मला फक्त मोठ्याने बोलायचं होतं. खरं विचारलंस म्हणून खरं लिहिलं.

त्या दिवसापासून गाव मला डोक्यावर घेऊन नाचतंय. नवीन ढोलाला कातडं आणलं. मी मोठ्याने बोलतो, मोठ्याने शिंकतो, आणि मला भात गिळवत नाही. प्लॅस्टरची अंडी पाठवतो आहे. बांबूला शिडी टेकत नाही, तेव्हा लांब काठीनेच करावं लागेल, मी येऊन दाखवतो. नवी अंडी घालतील, ती उबायच्या आत यायला हवं. येऊ का ते कळव.

तोकुझो


असासे, ८ जून

दादा,

उत्तर द्यायला उशीर केला. रागावले होते, ते तुला कळलंच असेल.

अंडी मी बदलली. शेजारच्या दोघींना घेऊन, बांबू खाली ओढून धरायचा आणि तिसरीने हात घालायचा. जमलं. काही चुकलीही असतील. तू म्हणालास तसा डोळा हिरवाच आहे.

परवानगीच्या पहिल्या दिवशी गळवाले आले, दुपारपर्यंत थांबले, आणि नम्रपणे आभार मानून गेले. नाओतोने रात्रीचा भात खाल्ला, वाडगा स्वतः धुतला. दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं आणि गेला. जाताना मला नमस्कार केला. सासूबाईंना काही सांगितलं नाही, त्यांना वाटतं तो बोटुकली आणायला गेलाय.

सासूबाईंचं आलं म्हणून सांगते. त्यांना गेल्या वर्षापासून सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. अंड्यांबद्दल त्यांनी कधीच विचारलं नाही. विचारत होते ती मी. माझ्या पोरासाठी तू तिकडे गरम अंडी उचलत होतास आणि ते मला झेपत नव्हतं, पण माझ्या नावाने मागायची लाज वाटली. तेव्हा घंटेचं सगळं तू एकट्याने स्वतःकडे घेऊ नकोस.

आता मी आणि सासूबाई आणि बनातले पक्षी. असासेच्या सभेने मला बोलावलं. म्हणाले, खोका तुमच्या घरात आहे, तुम्हीच ठरवा. चपला शोधायला लागले सगळे, अगदी तू लिहिलं होतंस तसेच. मी रॉकेट लावलं तर पक्षी नदीने वर जातील. त्यांना तुझं तळं पाठ आहे. तुमचा नवा ढोल परवाच्या वाऱ्यात इथवर ऐकू आल्यासारखं वाटलं मला, भास असेल.

रोज पहाटे उठते. बनाकडे बघते, आहेत. देवघरात काडेपेटी असते, ती घेऊन मागच्या दाराशी जाते आणि उभी राहते. मग चूल पेटवते. उद्याचं मी तुला वचन देत नाही.

तीन वर्षं तू मला हेच लिहीत होतास. मांजर, टॉवेल, दाई. मी सासूबाईंना वाचून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. मला वाटायचं, दादा मजेत आहे.

ये तू. दारातून मोठ्याने हाक मारू नकोस, मागच्या बाजूने ये.

हिसाए